पित्ताच्या गोळीचा हिशेब

आजऱ्याच्या बाजारपेठेतील एखाद्या जुन्या पेढीवर गल्ल्याचा खण उघडला, की किल्ल्यांचा जुडगा, पावतीपुस्तक आणि सुटी नाणी यांच्या शेजारी औषधाची एक पट्टी बहुधा दिसते. घरात तिला ‘पित्ताची गोळी’ म्हणतात. ती कोणी लिहून दिली, कशासाठी दिली आणि किती दिवसांसाठी दिली, हे विचारले तर घरातील माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. दुकानातील प्रत्येक पोत्याची नोंद ठेवणारे घर या पट्टीची नोंद मात्र ठेवत नाही.

अशाच एका पेढीवरील अण्णांचे उदाहरण घ्यावे. नावाला महत्त्व नाही. हे चित्र अनेक घरांतील आहे. तांदूळ आणि काजूगराचा व्यापार, वय सत्तरीकडे झुकलेले. चौदा वर्षांपूर्वी एके पहाटे त्यांना डांबरासारखे काळे शौचास झाले आणि उभे राहताच भोवळ आली. तातडीने कोल्हापूरला हलवावे लागले, रक्त चढवावे लागले. एंडोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, लहान आतड्याच्या आरंभी व्रण आढळला. आठ आठवड्यांच्या औषधाची चिठ्ठी मिळाली. पुढे ती चिठ्ठी हरवली. गोळी मात्र राहिली. तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसला आणि रोजच्या औषधांत ॲस्पिरिनची भर पडली. सहा वर्षांपूर्वी छातीत जळजळले म्हणून त्यांच्या पत्नीही त्याच पट्टीतील एक गोळी घेऊ लागल्या. त्यांचीही गोळी थांबली नाही.

यंदा मुलाने मोबाईलवर वाचले की ही गोळी वर्षानुवर्षे घेतल्यास मूत्रपिंड बिघडते. तो म्हणाला, “अण्णा, ही गोळी आता बंद करा. आईचीही.” अण्णांना ते पटले नाही, पण का पटले नाही, हे त्यांनाही सांगता येईना.

या घरात कोणाचे बरोबर? उत्तर असे की एकाच पट्टीतील दोन गोळ्यांपैकी एक जीव राखणारी आहे आणि दुसरी निष्कारण चालू आहे. कोणती कोणाची, हे कारण शोधल्याशिवाय ठरत नाही.

व्रण भरतो, मग परत का येतो?

जठरात अन्न पचविण्यासाठी तीव्र आम्ल तयार होते. जठराच्या आतील अस्तरावर श्लेष्म्याचा एक थर असतो आणि त्यामुळे हे आम्ल स्वतःच्याच भिंतीला इजा करीत नाही. हे संरक्षण ढिले पडले, की अस्तराला खोल जखम होते. तिला जठरव्रण म्हणतात. जठरापुढील लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे ग्रहणीत, जखम झाली तर तो ग्रहणीव्रण. बोलीत ज्याला ‘पित्त’ म्हटले जाते ते बहुतेक वेळा हे आम्लच असते. यकृतातून येणारे खरे पित्त वेगळे.

एकेकाळी या व्रणावर दूध हाच मुख्य उपाय होता. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील डॉ. बर्ट्रम सिप्पी यांनी दर तासाला दूध आणि साय देण्याची पद्धत रूढ केली, आणि ती कित्येक दशके जगभर पाळली गेली. थंड दुधाने क्षणभर आराम वाटतो हे खरे. पण दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम यांमुळे काही वेळाने आम्लस्राव वाढतो. अनेकांवर शस्त्रक्रियाही होत. जठराचा भाग काढला जाई किंवा आम्लस्रावाची आज्ञा नेणारी मज्जा कापली जाई.

सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून सिमेटिडीन हे औषध आले आणि चित्र पालटले. या कार्यासाठी त्यांना १९८८ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्याहून प्रभावी ओमेप्राझोल आले. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही त्याचीच भावंडे. या औषधांनी काही आठवड्यांत व्रण भरू लागले. परंतु औषध थांबविले, की वर्षभरात निम्म्याहून अधिक रुग्णांचा ग्रहणीव्रण परत येई. म्हणून रोज रात्री एक गोळी, तीही वर्षानुवर्षे, अशी रीत पडली. ‘पित्ताची गोळी कायमची’ ही समजूत त्या काळातील आहे आणि त्या काळी ती योग्यही होती.

व्रण परत येण्याचे कारण आपल्याकडेही शोधले जात होते. मुंबईत पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी साठच्या दशकात भारताच्या निरनिराळ्या भागांतील रेल्वे कर्मचाऱ्यांच्या व्रणविकाराचा अभ्यास केला. मुख्यतः भात खाणाऱ्या दक्षिणेकडील लोकांत हा विकार गहू खाणाऱ्या उत्तरेकडील लोकांपेक्षा पुष्कळ अधिक असल्याचे त्यांनी मांडले. पुढे १९७८ मध्ये त्यांनी व्रण भरून आलेल्या ४२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भात खाणाऱ्यांपैकी बहुतेकांचा व्रण परतला होता, कोंड्यासकट गव्हाचा आहार घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांचा. भौगोलिक मानांकन मिळालेला सुवासिक घनसाळ ज्या आजऱ्यात पिकतो, तेथील वाचकांना हे वाचून दचकायला होईल. परंतु अभ्यास लहान होता आणि व्रणामागचा खरा सूत्रधार तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हता. घनसाळ सोडण्याचे कारण नाही.

तो सूत्रधार १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे सापडला. रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी जठरात राहणारा एक वळणदार जीवाणू प्रयोगशाळेत वाढविला. त्याला पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळाले. एवढ्या आम्लात जीवाणू जगूच शकणार नाही, असे वैद्यकविश्व म्हणत राहिले. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जीवाणू असलेला द्रव स्वतः प्यायला आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जेथे मूळ कारणच काढता येते

हा जीवाणू बहुधा बालपणी, दाटीच्या वस्तीत, दूषित पाण्यातून किंवा घरातील एकाकडून दुसऱ्याकडे जातो. भारतातील निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात तो असल्याचे मानले जाते, मात्र व्रण त्यांपैकी थोड्यांनाच होतो. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या, तिखटाला हात न लावणाऱ्या घरांतही व्रण का आढळतो, याचे उत्तर येथे आहे. मिरची जखमेवर झोंबते, पण जखम ती करीत नाही. पाणी गाळून आणि उकळून पिण्याच्या आपल्या आचाराला या बाबतीत आरोग्याचाही आधार आहे.

व्रण झालेल्या रुग्णात हा जीवाणू आढळला, तर साधारणतः १४ दिवसांचा उपचार असतो. आम्ल रोखणाऱ्या औषधासोबत दोन प्रतिजैविके, अथवा त्यांच्या जोडीला बिस्मथ. जीवाणू नाहीसा झाला, की व्रण परतण्याचे प्रमाण एकदम खाली येते. ज्याला अन्य कारण नाही, त्याची रोजची गोळी व्रण भरल्यावर डॉक्टर बंद करू शकतात. वर्षानुवर्षे व्याज भरण्यापेक्षा मुद्दलच फेडण्याचा हा प्रकार.

येथे तीन चुका वारंवार होतात. पहिली, गोळी चालू असतानाच तपासणी करणे. आम्ल रोखणारी ही गोळी तपासणीआधी दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद नसतील, तर जीवाणू असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. मात्र ज्यांना पूर्वी रक्तस्राव झाला आहे त्यांनी ही गोळी आपल्या मनाने थांबवू नये. त्या काळापुरते डॉक्टर दुसरे औषध देतात. दुसरी चूक, उपचार पाच-सहा दिवसांत सोडणे. तोंड कडू होते, मळमळते, म्हणून अनेकजण औषध अर्ध्यावर टाकतात. अर्धवट उपचाराने जीवाणू औषधांना दाद देईनासा होतो, आणि आपल्याकडे ही अडचण आधीच मोठी आहे. तिसरी, उपचारानंतर फेरतपासणी न करणे. चार आठवडे उलटल्यावर श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने जीवाणू गेल्याची खात्री करावी. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी येथे उपयोगी नाही, कारण जीवाणू गेल्यानंतरही ती दीर्घकाळ ‘आहे’ असेच सांगते.

जेथे गोळी चालूच ठेवावी लागते

व्रणाचे दुसरे मोठे कारण वेदनाशामके. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक यांसारखी औषधे सांधेदुखी थांबवितात आणि त्याच वेळी जठराच्या संरक्षक थराला दुबळे करतात. दिवसभर गादीवर बसून गुडघे आखडले, की दुकानातून सुटी गोळी मागवायची, ही सवय अनेक घरांत आहे. हृदयविकारासाठी दिली जाणारी लहान मात्रेतील ॲस्पिरिन हीदेखील याच कुळातील.

ॲस्पिरिन घेणाऱ्याला पूर्वी व्रणातून रक्तस्राव झाला असेल तर काय करावे, याचा उत्तम अभ्यास हाँगकाँगच्या डॉक्टरांनी केला आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ॲस्पिरिनमुळे व्रण होऊन त्यात गुंतागुंत झालेल्या १२३ रुग्णांचा जीवाणू आधी नष्ट करण्यात आला. मग अर्ध्यांना ॲस्पिरिनसोबत लॅन्सोप्राझोल हे आम्ल रोखणारे औषध आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी देण्यात आली. वर्षभरात निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांपैकी १४.८ टक्के रुग्णांत व्रणाची गुंतागुंत पुन्हा उद्भवली. औषध घेणाऱ्यांत केवळ १.६ टक्के.

मग ॲस्पिरिनच सोडली तर? तेथील डॉक्टरांनी हाही प्रश्न तपासला. २०१० मधील त्यांच्या अभ्यासात व्रणातून रक्तस्राव झालेल्या हृदय व मेंदूविकाराच्या रुग्णांपैकी काहींची ॲस्पिरिन चालू ठेवली, काहींची थांबविली. चालू ठेवलेल्यांत पुन्हा रक्तस्राव काहीसा अधिक झाला. परंतु आठ आठवड्यांत मृत्यूचे प्रमाण चालू ठेवलेल्यांत १.३ टक्के होते आणि थांबविलेल्यांत १२.९ टक्के. जठर सांभाळण्यासाठी ॲस्पिरिन सोडणे म्हणजे दुकानाची गळती थांबविण्यासाठी घराचा खांब काढणे.

म्हणून पूर्वी व्रणातून रक्तस्राव झालेला, ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध घेणारा, वयस्क रुग्ण, किंवा ज्याला वेदनाशामके टाळणे शक्यच नाही असा रुग्ण, यांच्यासाठी ही गोळी दीर्घकाळाची सोबतीण असते. स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल चालू असल्यास ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळून पँटोप्राझोल देण्याकडे कल असतो, कारण पहिल्या दोघींमुळे क्लोपिडोग्रेलचा प्रभाव घटू शकतो. जुन्या चिठ्ठीवरची गोळी परस्पर आणू नये, त्याचे हे एक कारण.

दीर्घकाळाची किंमत

मुलाने मोबाईलवर वाचलेले सर्वस्वी खोटे नव्हते. मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याची शक्यता या औषधांच्या वेष्टनावर नमूद करावी, अशी सूचना भारताच्या औषध नियंत्रकांनी २०१९ मध्ये दिली. अशी इजा विरळ असते. मॅग्नेशियम घटणे, लोह कमी शोषले जाणे, हाडे ठिसूळ होणे यांविषयीही इशारे आहेत. दुसऱ्या बाजूला, सुमारे १७,६०० रुग्णांना तीन वर्षे पँटोप्राझोल किंवा निष्प्रभ गोळी देऊन झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत आतड्याचे संसर्ग थोडे वाढले. अन्य भीतींना आधार मिळाला नाही. ज्याला गरज आहे त्याने घाबरू नये आणि ज्याला गरज नाही त्याने थोडाही धोका का पत्करावा, असा याचा सरळ अर्थ.

शाकाहारी घरांसाठी मात्र एक गोष्ट विशेष जपण्याची आहे, ती म्हणजे जीवनसत्त्व बी-१२. शाकाहारात ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते आणि तेथे ते प्रथिनांना चिकटलेले असते. ते सोडविण्याचे काम जठरातील आम्ल करते. आम्लच रोखले, तर आधीच तुटपुंजी असलेली मिळकत आणखी घटते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले. शाकाहाऱ्यांत ते अधिक प्रमाणात कमी होते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण, थकवा ही त्याची लक्षणे ‘वयाचा परिणाम’ म्हणून दुर्लक्षिली जातात. ही गोळी दोन-तीन वर्षांहून अधिक काळ घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तीने डॉक्टरांना विचारून बी-१२ तपासून घ्यावे. गोळी अथवा इंजेक्शनमधील बी-१२ प्रथिनांना बांधलेले नसते. त्यामुळे त्याच्या शोषणाला आम्लाची गरज लागत नाही.

गोळी एकदम थांबविल्यास आणखी एक गोष्ट घडते. दीर्घकाळ दाबलेला आम्लस्राव काही आठवडे उसळून येतो. डेन्मार्कमध्ये पूर्णपणे निरोगी व्यक्तींना आठ आठवडे हे औषध देऊन थांबविले, तेव्हा ४४ टक्के जणांना पूर्वी कधीही नसलेली जळजळ जाणवली. ‘गोळी सोडली की त्रास होतो, म्हणजे गोळी हवीच’ असा निष्कर्ष रुग्ण काढतो आणि पट्टी पुन्हा गल्ल्यात येते. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, मात्रा घटवीत आणि मधले दिवस वाढवीत सोडावी.

व्रत आणि औषध

जैन कुटुंबांना पडणारे काही प्रश्न डॉक्टरांच्या खोलीत सहसा विचारले जात नाहीत. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनविलेले असते. ओमेप्राझोल बहुतांशी कॅप्सूलमध्ये येते. साधे पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल गोळीच्या रूपात मिळते. नावापुढे ‘डी’ अक्षर असलेली मिश्र औषधे मात्र पुष्कळदा कॅप्सूलमध्ये असतात. त्यांतील डॉम्पेरिडोन उलटीवरचे औषध आहे. व्रण परतू नये यासाठी त्याचा उपयोग नाही आणि हृदयविकाराच्या रुग्णात ते विचारपूर्वकच वापरावे लागते. “साधी गोळी चालेल का?” एवढा एक प्रश्न विचारला, तर आचार आणि आरोग्य दोन्ही राखले जातात.

चौविहार पाळणाऱ्यांना ही गोळी अडचणीची नाही. ती सकाळच्या पहिल्या आहारापूर्वी अर्धा तास घ्यायची असते. दोन वेळा असेल, तर दुसरी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाआधी घेता येते. ती चावू नये, कुटू नये. वरचे आवरण आम्लापासून तिचेच रक्षण करण्यासाठी असते. पर्युषणातील अथवा दशलक्षणातील उपवासांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. रिकाम्या पोटी ॲस्पिरिन चालू आणि संरक्षणाची गोळी बंद, ही स्थिती पूर्वी रक्तस्राव झालेल्या व्यक्तीसाठी धोक्याची. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणांत समाधी ढळू नये म्हणून औषधाचा आगार ठेवलेला आहे. पूर्वसूरींनी हा विचार केला होता. व्रत घेण्यापूर्वी डॉक्टर आणि गुरुमहाराज या दोघांसमोर आपला आजार मोकळेपणाने सांगावा.

पट्टीवर नोंद

त्या आजऱ्याच्या घरात शेवटी जुनी फाईल शोधली गेली. चौदा वर्षांपूर्वीचा दुर्बिणीचा अहवाल कपाटाच्या तळाशी सापडला. जीवाणूची तपासणी त्या वेळी झालेलीच नव्हती. डॉक्टरांनी दोन आठवडे गोळीच्या जागी फॅमोटिडीन देऊन ती तपासणी केली. जीवाणू आढळला. अण्णांनी १४ दिवसांचा उपचार तोंड वाकडे करीत पण पूर्ण केला आणि महिन्याभराने तो नष्ट झाल्याची खात्रीही करून घेतली. त्यांची गोळी तरीही चालू राहिली, कारण वय, पूर्वीचा रक्तस्राव आणि ॲस्पिरिन ही तीन कारणे उभी आहेत. ती आता चिठ्ठीवर लिहिलेली आहेत. सोबत बी-१२ सुरू झाले.

त्यांच्या पत्नींना व्रण कधी झालाच नव्हता. ॲस्पिरिन नव्हती, वेदनाशामकही नव्हते. त्यांची गोळी दीड-दोन महिन्यांत हळूहळू सुटली. मधले काही दिवस जळजळ झाली, पण ती होणार हे आधीच ठाऊक असल्याने कोणी पट्टी शोधली नाही. मुलाचे अर्धे म्हणणे खरे ठरले, अण्णांचेही अर्धे.

दिवाळीत वहीपूजन झाल्यावर जुनी बाकी नव्या वहीत ओढताना प्रत्येक आकडा पडताळून पाहिला जातो. त्याच दिवशी घरातील औषधांची पेटीही उघडावी. प्रत्येक पट्टीबाबत पाच प्रश्न कागदावर लिहावेत. ही गोळी कोणत्या कारणासाठी आहे? ते कारण अद्याप आहे का? जीवाणूची तपासणी झाली होती का, आणि उपचारानंतर फेरतपासणी झाली का? मात्रा कमी होऊ शकते का? बी-१२ शेवटचे केव्हा पाहिले? कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि उत्तरे त्यावरच लिहून घ्यावीत.

काळे डांबरासारखे शौच, कॉफीच्या गाळासारखी उलटी, पोटात अचानक असह्य कळ, उभे राहताच भोवळ, किंवा कारणावाचून वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर मात्र दिवाळीची वाट पाहू नये. लोहाच्या किंवा बिस्मथच्या औषधानेही शौचाचा रंग काळा होतो हे खरे. पण तो निर्णय घरी बसून करायचा नाही. त्याच क्षणी दुकान मुलाच्या हाती सोपवावे आणि रुग्णालय गाठावे.